लिनक्सवर डिझाइनची विकतची सॉफ्टवेअरं : पैसे द्यायची तयारी आहे, पण द्यायचे कोणाला?

रावपुरेकर
विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बडोद्यातल्या लहान डीटीपीवाल्यांकडे, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे अजून सहाव्या-सातव्या पिढीचे आय-फाइव्ह भरपूर आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे उत्तम चालणारी मशीनं केवळ यादीत बसत नाहीत म्हणून बाद. त्यामुळे 'विंडोज काढून लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकू का?' असं आता हौसेखातर कोणी विचारत नाही, पोटापाण्यासाठी विचारतात.

माझं मत स्पष्ट आहे. लिनक्सवर जरूर या, पण फोटोशॉप नि कोरल (कोरलड्रॉ) वाईनमधून चालवण्याच्या नादी लागू नका. ज्या कंपन्यांनी लिनक्ससाठी स्वतः आवृत्ती काढली आहे त्यांना पैसे द्या. बाकीचं काम मुक्त, म्हणजे फुकट नि खुला कोड असलेल्या, साधनांवर करा.

वाईन म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामने केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देणारा थर. १९९३ पासून त्याचं काम चालू आहे आणि त्या लोकांबद्दल मला आदर आहे. मूळ प्रोग्राम बऱ्याचदा चालतोही. अडतं ते इन्स्टॉलरपाशी आणि परवान्याच्या तपासणीपाशी. त्यात अॅडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त भाडेतत्त्वावर ठेवल्या. वर्षभर प्रोग्राम बदलत राहतो, आज जमवलेलं पुढच्या अपडेटला मोडतं. 'गेम चालतात, मग हे का नाही?' असं विचारतात. गेमसाठी व्हॉल्व्हने २०१८ पासून वाईनवरच उभ्या असलेल्या प्रोटॉनवर पगारी माणसं बसवली. फोटोशॉप वाईनवर नीट चालावं म्हणून डिस्ने, गूगल यांनी एकेकाळी पैसे घातले होते, पण ते जुन्या आवृत्त्यांपुरतं.

आणि हे तंत्राने जमत नाही असंही नाही. फोटोशॉप ३ सिलिकॉन ग्राफिक्स आणि सनच्या युनिक्स मशीनवर मिळत होतं. कोरलड्रॉ ९ तर २००० साली खुद्द लिनक्सवर आलं होतं! माया, हुडिनी, न्यूक ही अॅनिमेशन नि व्हीएफएक्सची सॉफ्टवेअरं आजही लिनक्सवर विकली जातात, कारण सिनेमातले दृश्य-परिणाम (व्हीएफएक्स) करणारे मोठे स्टुडिओ शेकड्यांनी परवाने घेतात आणि लिनक्सच मागतात. गिऱ्हाईक दिसलं की आवृत्ती निघते. आपण विंडोजची प्रत घेऊन वाईनमध्ये चालवली तर कंपनीच्या हिशेबात आपण विंडोजचंच गिऱ्हाईक ठरतो. मग ती लिनक्सची आवृत्ती काढेल कशाला?

छापखाना_दांडियाबाजार
तुमचं म्हणणं वाचलं. पण आमच्या धंद्यात निर्णय आम्ही घेत नाही, समोरून येणारी फाइल घेते. इथे गिऱ्हाईक काय म्हणतं? 'सीडीआर मोकली देजो', म्हणजे कोरलची फाइल पाठवून द्या. पत्रिका असो, नवरात्रीचा बॅनर असो, दुकानाची पाटी असो, सगळं कोरलमध्ये. मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये तारीख बदलून द्यायची असते. ती माझ्याकडे उघडली नाही तर तो समोरच्या दुकानात जातो.

इंकस्केप हे कोरलसारखं मुक्त साधन सीडीआर उघडतं हे मला ठाऊक आहे, मुलाने करून दाखवलं. उघडलं, पण पॉवरक्लिपमधले (कोरलमध्ये चौकटीत बसवलेले) फोटो चौकटीबाहेर आले नि मजकूर जागचा हलला. आणि इंकस्केपमधून परत सीडीआर काढता येत नाही. फाइल आत घेता येते, बाहेर देता येत नाही, असं साधन काउंटरवर काय कामाचं?

वर फॉन्टचा प्रश्न. माझ्याकडचा जुना गुजराती-मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट लिनक्सवर दिसेल हो, पण तो टाइप करायचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर विंडोजचं. फ्लेक्स मशीनचं रिप, म्हणजे फाइल मशीनला छापता येईल अशी करून देणारं सॉफ्टवेअर, तेसुद्धा विंडोजवरच. मी कोणत्या कंपनीला धडा शिकवायला दुकान उघडलेलं नाही.

फाइनआर्ट्स_तिसरंवर्ष
छापखान्याच्या काकांशी सहमत, कारण वेगळं. मी इथे उपयोजित कला शिकते. हॉस्टेलच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, क्रिता या मुक्त साधनात चित्रं काढते. टॅब्लेटचा दाब, तिरकेपणा सगळं व्यवस्थित मिळतं, कारण वॅकॉमच्या टॅब्लेटचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहेत. चित्रकलेसाठी मला दुसरं काही नको.

पण इंटर्नशिपला गेलं की एजन्सी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, देते. त्यातला स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र शाबूत ठेवणारा थर) गिम्प या फोटोशॉपसारख्या मुक्त साधनात साधा थर होऊन बसतो. मी रंग दुरुस्त करून फाइल परत दिली की पुढच्या माणसाला मूळ चित्र बदलता येत नाही. माझं काम चांगलं असूनही साखळी माझ्यापाशी तुटते. रावपुरेकरदादा, 'मुक्त साधनं वापरा' हे एकट्याने काम करणाऱ्याला ठीक आहे. ज्याला अजून नोकरी मिळवायची आहे त्याने काय करायचं? मला वाईनमध्ये अर्धवट चाललेलं फोटोशॉपही चालेल.

अॅफिनिटी हे विकतचं डिझाइन सॉफ्टवेअर तर ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं. गिऱ्हाईक पैसे देतं की नाही हा प्रश्नच उरला नाही, तरी लिनक्सची आवृत्ती नाही. मग तुमचा हिशेब कुठे बसतो?

मुक्तस्रोत
मी तर म्हणतो विकतचं आणायचंच कशाला? ब्लेंडर हे थ्रीडी अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर २००२ साली बंद पडायच्या बेतात होतं, लोकांनी एक लाख युरो जमवून ते मोकळं केलं. २०२५ चं अॅनिमेशनपटाचं ऑस्कर ब्लेंडरमध्ये केलेल्या चित्रपटाला मिळालं. गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, त्यात फिल्टर लावल्यावरही मूळ चित्र शाबूत राहतं. परवान्याला द्यायचे पैसे या प्रकल्पांना देणगी द्या. मालकीच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती म्हणजे तीच बेडी, फक्त दुसऱ्या पायात.

लग्नशूटिंग_वाघोडिया
मुक्तस्रोतभाऊ, माझ्याकडे एका सीझनला किती तासांचं फुटेज येतं ते बघा, मग देणगीचं बोलू. मी दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवतो आणि अगदी समाधानी आहे. पण नव्याने येणाऱ्याने डोळे उघडे ठेवून यावं.

फुकटची आवृत्ती लिनक्सवर एच२६४ आणि एच२६५ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उघडत नाही. म्हणजे आपल्या कॅमेऱ्यांचं आणि मोबाइलचं जवळपास सगळं फुटेज. विकतची स्टुडिओ आवृत्ती घेतली, सोबत एनव्हिडियाचं कार्ड असलं, की चित्र उघडतं. तिची किंमत २९५ डॉलर, एकदाच. दुसरी अडचण आवाजाची. कॅमेऱ्याच्या एमपी४ मधला आवाज बहुधा एएसी या दाबलेल्या स्वरूपात असतो आणि लिनक्सवरचं रिझॉल्व्ह तो वर्षानुवर्षं वाचत नव्हतं. क्लिप टाइमलाइनवर येते, वऱ्हाड नाचतंय, बँड वाजतोय, पण आवाजाची पट्टीच नाही.

त्यावर उपाय सोपा आहे. एफएफएमपेग या मुक्त साधनाने चित्राला हात न लावता फक्त आवाज पीसीएममध्ये (न दाबलेल्या स्वरूपात) बदलायचा नि एमओव्ही फाइल करून ठेवायची. चित्र पुन्हा एन्कोड होत नसल्याने कॉपी करण्याइतकाच वेळ लागतो. मी कार्ड रिकामं करतानाच ही स्क्रिप्ट चालवतो, रात्रीतून सगळं तयार.

आणखी एक. रिझॉल्व्हची कंपनी रॉकी लिनक्स हा लिनक्सचा एक प्रकार धरून चालते. उबंटू या दुसऱ्या प्रकाराच्या नव्या आवृत्तीवर टाकलंत आणि प्रोग्राम उघडताच बंद पडला, तर रिझॉल्व्हच्या लिब्ज फोल्डरमधल्या जीलिबच्या फाइली बाजूला काढा, मग तो सिस्टिमच्या फाइली वापरतो. एवढं केल्यावर रंगाचं काम विंडोजवर होतं तसंच होतं.

म्हणून रावपुरेकरांना माझा पाठिंबा. पैसे घेऊन लिनक्सवर देतात, मी पैसे दिले.

आलाप
मी घरी शास्त्रीय आणि सुगम गायनाचं ध्वनिमुद्रण करते, तबला-पेटी-तानपुरा. रावपुरेकर, 'वाईन टाळा' हे तुम्ही सरसकट म्हणताय ते मला पटत नाही.

मूळ सॉफ्टवेअरपुरतं तुमचं बरोबर. रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर आहे, लहान व्यावसायिकाला परवाना ६० डॉलरला पडतो. तसंच बिटविग तर २०१४ साली पहिल्या आवृत्तीपासून लिनक्सवर आहे. पण आवाजाला घुमारा देणारे माझे रीव्हर्ब आणि चढउतार आवरणारे कॉम्प्रेसर विंडोजचे प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आहेत, मी ते विकत घेतलेत आणि त्यांचा आवाज माझ्या कानात बसलाय. यॅब्रिज नावाचा पूल वाईनच्या मदतीने ते रीपरमध्ये आणतो. एकदा घेतलेला प्लगइन बदलत नाही, त्यामुळे चाललेलं मोडत नाही. वाईनची जी आवृत्ती चालली ती मी तशीच थोपवून ठेवते. आयलॉकसारखी परवाना-व्यवस्था असलेले प्लगइन मात्र सोडून द्यावे लागले.

म्हणजे बघायचं ते हे, की समोरचा प्रोग्राम स्थिर आहे की भाड्याचा, सतत बदलणारा. वाईनला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट इथे कोणी बोललेलं नाही. आपल्याकडे पुष्कळ दुकानांत आणि स्टुडिओंत क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं असतात. लिनक्सची खरी लढत विकतच्या विंडोजशी नाही. ज्याला सगळंच फुकट पडतंय त्याला 'लिनक्स फुकट आहे' सांगून काय फरक पडणार? क्रॅकबरोबर व्हायरस येतो, हार्ड डिस्क लॉक होते, एखाद्या म्हाताऱ्या गवयाचं पुन्हा न होणारं मुद्रण जातं. मला या विषयाची कळकळ आहे ती यासाठी.

रावपुरेकर
आलापताई, स्थिर प्लगइनचा मुद्दा मान्य. माझा विरोध दर महिन्याला बदलणाऱ्या भाड्याच्या सॉफ्टवेअरला वाईनवर बसवून त्यावर धंदा टाकण्याला आहे.

फाइनआर्ट्स, तुझ्या पीएसडीच्या अडचणीवर माझ्याकडे आज उत्तर नाही. एजन्सीत काम करताना तिथलंच मशीन वापर. स्वतःच्या लॅपटॉपवर अर्धवट चालणारं फोटोशॉप घेऊन मुदतीचं काम अंगावर घेऊ नकोस. अॅफिनिटीने माझा हिशेब चुकत नाही. वापरणारा पैसे देत नसला तरी कंपनीला वापरणारे मोजायचेच असतात, आणि वाईनमधला वापरणारा विंडोजचा म्हणून मोजला जातो.

काका, तुमच्याशी थोडं सविस्तर बोलतो. आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका गेली काही वर्षं मी लिनक्सवर लावतोय. मराठी लेख युनिकोडमध्ये, जाहिराती गुजरातीत. पानांची मांडणी स्क्रायबस या मुक्त साधनात. १.५.३ पासून त्यात जोडाक्षरं नीट जुळतात, 'ऱ्हास' मधला आडवा र सुद्धा. इंकस्केपमधून थेट काढलेली पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, असते हे खरं आहे. त्यातला काळा मजकूर प्लेटवर चार रंगांत फुटतो, आणि रजिस्टर (चार रंगांची एकमेकांवर जुळणी) केसभर हललं तरी आपल्या वेलांट्या-मात्रांना रंगीत सावली येते. बारीक टायपात तर वाचवत नाही. म्हणून मी मजकूर इंकस्केपमध्ये ठेवतच नाही. स्क्रायबसमध्ये काळा निव्वळ के (छपाईच्या चार शाईंपैकी काळी) शंभर टक्के ठेवतो, तुमच्या प्रेसचं रंगांचं प्रोफाइल लावतो, छपाईसाठीची पीडीएफ-एक्स काढतो आणि रंग वेगळे करून के ची प्लेट पडद्यावर तपासतो. ऑफसेटला ती फाइल विंडोजवरून आली की लिनक्सवरून, काही फरक पडत नाही.

छापखाना_दांडियाबाजार
काळ्याचं म्हणालात ते शंभर टक्के खरं. कोरलमधून येणाऱ्या फाइलीही कित्येक अशाच असतात. फोटोशॉपमध्ये मजकूर टाइप करून आणतात आणि छपाई वाईट झाली म्हणून मला बोलतात. तुमची स्मरणिका स्वच्छ छापली गेली होती, ते मी नाकारत नाही.

पण स्मरणिका वर्षातून एक. तुम्ही ती महिनाभर लावता. माझ्याकडे चार वाजता माणूस येतो, सहा वाजता त्याला पत्रिका हवी असते, नि मधल्या वेळात तो बाजूला उभा राहून 'हे नाव वर घ्या, ते खाली घ्या' सांगत असतो. माझा ऑपरेटर वीस वर्षं कोरलच्या शॉर्टकटवर जगलाय. त्याचा हात थांबला तर दुकान थांबतं. त्याला नवीन शिकवायचा खर्च तुमच्या हिशेबात कुठे आहे?

आणि स्मरणिकेतल्या जाहिराती सीडीआरमध्ये आल्या, त्यांचं तुम्ही काय केलंत ते सांगितलं नाहीत.

रावपुरेकर
तेच सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी जाहिराती तुमच्यासारख्याच एका दुकानात कोरलवर उघडून घेतल्या. नंतर जाहिरातीच्या दरपत्रकावरच छापलं : 'अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ द्या, काळा मजकूर फक्त के मध्ये.' (कर्व्ह म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकणं, मग फॉन्ट लागत नाही.) बहुतेकांनी ऐकलं, कारण कोरलमधून पीडीएफ काढणं अवघड नाही. जे ऐकत नाहीत त्यांचं काम अजूनही बाहेरून करून घेतो.

ऑपरेटरचा मुद्दा खरा आहे. तुमच्या काउंटरवर लिनक्स टाका असं मी म्हणणार नाही. दोनपैकी एक मशीन विंडोजवर ठेवा, रिप आणि सीडीआरसाठी. पण ज्याच्यावर फक्त पीडीएफ तपासता, प्रूफ काढता, बिलं करता, ते जुनं आय-फाइव्ह भंगारात का द्यायचं?

मुक्तस्रोत
त्या मशीनवर स्क्रायबस टाकून द्यायला मी रविवारी येतो, काका. पैसे नकोत. मात्र त्यावर क्रॅक केलेलं काही टाकणार नाही, एवढी एकच अट.

छापखाना_दांडियाबाजार
या. पण मंगळवारी या, रविवारी लग्नसराईची गर्दी असते. येताना एक युनिकोडमधला गुजराती मजकूर आणि तोच जुन्या फॉन्टमधला, असे दोन्ही आणा. माझ्या कपाटातल्या जुन्या फाइलींचा मजकूर युनिकोडमध्ये नीट उतरत असेल तर पुढचं बोलू. नसेल तर मी आहे तिथे बरा आहे.