पद्मिनीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

घाटवाट_पद्मिनी

नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी, वडिलांनी घेतलेली. इंजिन चांगलंय, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं येतं, कार्ब्युरेटर साफ करून झालाय. पण पॉइंटचं (सिलिंडरना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) दुखणं काही संपत नाहीये. नवीन पॉइंट टाकले की गाडी एकदम मस्त पळते, मग काही आठवड्यांत पिकअप पडतो, खंबाटकी चढताना गरम झाली की मिस मारायला लागते, आणि उघडून बघावं तर गॅप कमी झालेला, एका कॉन्टॅक्टवर ढीग आणि दुसऱ्यावर खड्डा. आमचे जुने फिटर काका आता काम करत नाहीत, आणि नव्या पोरांना पॉइंटचं काम कुणी शिकवलेलंच नाही, त्यांना तरी काय बोलणार.

तर मॅग्नेट रिंगवालं इलेक्ट्रॉनिक किट बसवावं असं मनात आहे. आहे ती कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) चालते का, ऐन घाटात किटचं मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं तर काय करायचं, आणि गाडीचं जुनेपण जातं का, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज. गाडी विकायची नाहीये, चालवायची आहे.

जुनं_गॅरेज_सांगली

दादा, किट घ्यायच्या आधी तुम्ही जे लिहिलंय तेच नीट बघू, कारण ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. ढीग आणि खड्डा हा कंडेन्सरचा प्रकार. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये आणि कॉइलमधला करंट झटकन तुटावा म्हणून कंडेन्सर असतो, त्याची कपॅसिटी कमी-जास्त असली किंवा आतून लीक होत असला की धातू एका बाजूचा उठून दुसऱ्या बाजूला बसतो. साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड यायला पाहिजे, कपॅसिटी मोजणारा मल्टीमीटर आता स्वस्तात मिळतो. आणि गार असताना मोजून समाधान मानू नका, बरेच कंडेन्सर गार असताना बरोबर दाखवतात आणि गरम झाले की सोडून देतात, तुमची गाडी घाटातच का मिस मारते त्याचं उत्तर तिथे असू शकतं. आता पॅकेट चकचकीत असतं पण आतला माल कसला असेल सांगता येत नाही, मी तर जुन्या गाडीवरचा चांगला चालणारा कंडेन्सर कधी फेकत नाही.

गॅप कमी होणं हे वेगळं. पॉइंटची टाच कॅमवर (डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा उंचवट्यांचा भाग) घासते, ती झिजली की गॅप मिटत जातो आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे जातं, म्हणून पिकअप पडतो आणि इंजिन तापतं. कॅमला अगदी थोडं ग्रीस लावता का? कोरडा कॅम टाच खाऊन टाकतो. आणि डिस्ट्रिब्युटर कुठला बसवलाय ते बघा, मारेली पद्धतीचा असेल तर गॅप ०.४२ ते ०.४८ मिमी, लुकासचा असेल तर ०.३५ ते ०.४०. गाड्या चाळीस वर्षं फिरल्यात, मधे कुणी काय बदललं ते मालकाला माहीत नसतं आणि गॅप दुसऱ्याच डिस्ट्रिब्युटरचा लावला जातो.

अजून एक. रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) काढून शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा. बुश झिजले असतील तर कॅमच्या चारही उंचवट्यांवर (लोबवर) गॅप वेगळा येईल, मग कितीही महागडे पॉइंट टाका उपयोग नाही.

अँबी_कोल्हापूर

सांगलीकर काकांचं सगळं पटलं, पण मी तरी इलेक्ट्रॉनिकच्याच बाजूने आहे. माझ्या अँबॅसेडरला मॅग्नेट रिंगवालं बसवलंय, आता डिस्ट्रिब्युटरची कॅप फक्त पुसायला उघडतो. हॉल सेन्सर (मॅग्नेट जवळ आला की ओळखणारा) असतो, कॅमवर चार मॅग्नेटची रिंग बसते, घासणारं काही नाही त्यामुळे टाच झिजायचा प्रश्नच मिटला, चढावर गाडी एकसारखी ओढते. शाफ्टला थोडा प्ले असला तरी पॉइंटएवढा त्रास देत नाही, पण खूपच झिजला असेल तर आधी बुश बदला, कारण ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी, वजनं आणि स्प्रिंग जुनीच राहतात, ती अडकत असतील तर इलेक्ट्रॉनिकने बरी होत नाहीत.

किट गाडीच्या नावावर घेऊ नका, डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरचा नंबर बघून घ्या. कॉइलच्या दोन्ही वायर काढून प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा. ३ च्या आसपास आले तर १२ व्होल्टला ४ अँपिअर, बहुतेक किटना ते चालतं. दीड ओहमची कॉइल असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टरवाली (करंट कमी ठेवायला वेगळा रेझिस्टर जोडायची), तिला थेट १२ व्होल्ट दिले तर करंट दुप्पट आणि कॉइल नाहीतर मॉड्यूल जळणार. कॉपर कोअरच्या प्लग वायर असतील तर रेझिस्टन्सवाल्या टाका, सेन्सर त्या नॉइजने गडबडतो. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, इंजिन बंद असताना इग्निशन ऑन ठेवून रेडिओ ऐकायचा नाही, साध्या मॉड्यूलचा जीव त्यातच जातो. वायर उलटी लावली तरी तेच. पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा मायनस बॉडीला) आहे म्हणून सोपं, जुन्या मॉरिस मायनरसारख्या पॉझिटिव्ह अर्थवाल्या गाडीला किट वेगळं लागतं.

मुलुंडचा_फियाटवाला

मधला रस्ता पण आहे, तो कुणी सांगितला नाही. पॉइंट तसेच ठेवायचे आणि कॉइलचा करंट ट्रान्झिस्टरने तोडायचा. मग पॉइंटमधून ४ अँपिअरऐवजी अगदी किरकोळ करंट जातो, कॉन्टॅक्ट जळत नाहीत, ढीग-खड्डा बंद. टाच झिजतेच, तिला ग्रीस द्यायलाच लागतं. पण डिस्ट्रिब्युटरला हात लावायचा नाही, डबा बाहेर लपवता येतो, आणि बंद पडला तर दोन वायर जागेवर लावून कंडेन्सर जोडला की गाडी पुन्हा जुन्या पद्धतीवर. रॅलीत बॉनेट उघडून बघतात त्यांच्यासाठी हे बरं.

इलेक्ट्रॉनिकची एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, बॅटरी उतरलेली असेल तर पॉइंटवाली गाडी ढकलून चालू होते, मॉड्यूलला मात्र ठराविक व्होल्टेज लागतं, सेल्फ मारताना ते खाली गेलं की स्पार्कच देत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्या टॅक्स्यांमुळे जो माल बाजारात फिरत होता तो आटत चाललाय, म्हणून चांगले पॉइंट दिसले की घेऊन ठेवा, इलेक्ट्रॉनिक केलंत तरी.

घाटवाट_पद्मिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सगळं उघडून मोजलं. डिस्ट्रिब्युटर लुकास टीव्हीएसचा निघाला आणि आमच्याकडे गॅप मारेलीचा लावत होते! शाफ्टला प्ले अगदी थोडा. कॉइल ३.१ ओहम. पण पॉइंट बंद असताना इग्निशन ऑन करून कॉइलच्या प्लसला मोजलं तर १०.६ व्होल्ट, बॅटरीवर १२.४. हे चालेल का? कंडेन्सर हेअर ड्रायरने गरम केल्यावर आकडा घसरत गेला, तो बदलतोय. मला शेवटी किटच बसवायचं आहे.

जुनं_गॅरेज_सांगली

नाही चालणार, जवळपास दोन व्होल्ट वाटेत जातायत. जुनं इग्निशन स्विच आणि फ्यूजबॉक्सचे गंजके टर्मिनल, बहुतेक तिथेच. टर्मिनल घासून बघा, नाहीतर एक साधा चार पिनचा रिले (कमी करंटने चालू होऊन मोठा करंट जोडणारा स्विच) टाका. कॉइलच्या प्लसला येणारी जुनी वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून नवी वायर, आणि ८७ वरून कॉइलचा प्लस. मॉड्यूलची लाल वायरही तिथेच.

मग घाई करू नका. आधी रिले, नवा कंडेन्सर आणि लुकासचा गॅप एवढंच करून खंबाटकी चढून या. मिसिंग गेलं तर कळेल दुखणं कशाचं होतं. नाहीतर किट बसवाल, गाडी सुधारेल, आणि ते किटमुळे झालं की रिलेमुळे ते कधी समजणार नाही, पुढे काही बिघडलं की शोधणं अवघड जातं.

किट बसवताना पॉइंट सुटे काढू नका. जुनी बेसप्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट अख्खी काढा, गॅप लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिकीत ठेवा, किटला दुसरी प्लेट घ्या. प्लेटवरून बॉडीला जाणारी विणलेली छोटी अर्थ वायर असते, ती तुटकी असेल तर बदला. रिंग बसवल्यावर रोटर थोडा वर बसतो का आणि कॅपला लागत नाही ना ते हाताने फिरवून बघा. टायमिंग मात्र बल्ब लावून नको, टायमिंग लाइटने चालू इंजिनवर लावा, आणि रेस दिल्यावर खूण सावकाश पुढे सरकते का ते बघा. सरकत नसेल किंवा उड्या मारत असेल तर खालची वजनं उघडायला लागतील, फोटो टाका मग बघू.