काजूच्या भाटातला कुत्रा आणि भेकराचा सुळा: कुत्रा मोकळा सोडावा का?

भाटकार_सत्तरी

काजूचा हंगाम जवळ आला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या भाटांत, म्हणजे बागायतींत, राखणीची कुत्री मोकळी सुटतात. माकडे, रानडुकरे, बोंडू चोरणारी माणसे, सगळ्यांवर त्यांची नजर असते आणि त्यांच्याशिवाय आमचे चालत नाही. तरीही भेकर, म्हणजे रानातले छोटे हरीण, दिसले की 'घे, घे' म्हणून कुत्र्याला मागे घालायची गावोगावची सवय बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

भेकराला आपण गरीब जनावर समजतो. नराची शिंगे आखूड, बोटभर-वीतभर, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण त्याच्या वरच्या जबड्यात ओठाबाहेर डोकावणारे दोन वाकडे, धारदार सुळे असतात. दोन नर झुंजतात तेव्हा शिंगांनी समोरच्याचा तोल घालवतात आणि सुळ्यांनी फाडतात. पावसाच्या तोंडावर शिंगे गळाली तरी सुळे जागेवरच असतात. नराचे वजन २० ते २५ किलो, आपला गावठी कुत्रा १५-२० किलोंचा. मोकळ्या रानात भेकर पळून जाते, झुंज घेत नाही. पण ओहोळाच्या दरडीला किंवा करवंदीच्या जाळीला पाठ लागली आणि कुत्रा गळ्याकडे झेपावला, की ते मान खाली घालून झटका देते. कुत्र्याचे तोंड, गळा, छाती नेमकी त्या सुळ्यांसमोर असते. आमच्या वाड्यावरचा एक चांगला राखणदार कुत्रा असाच गेला. बाहेरून जखम एवढीशी दिसत होती, म्हणून मालकाने हळद भरली आणि सोडून दिले.

कुळागरकर

भाटकार बाब, तुमची कळकळ कळते, पण उगाच घाबरवू नका. धारबांदोड्याकडे आमच्या कुळागरात वडिलांच्या काळापासून कुत्री आहेत. रानडुकराने पोट फाडलेला कुत्रा मी पाहिला आहे, साळिंदराचे काटे तोंडात रुतलेला पाहिला आहे, बिबट्याने अंगणातून उचललेली कुत्री तर किती सांगू! भेकराने मारलेला एकही नाही. ज्याच्यापासून खरा धोका आहे त्याच्याबद्दल बोला.

'मोकळा सोडू नका' असे गावात पसरले तर लोक काय करतील? साखळीला बांधतील. बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता मिळतो, पळायलाही जागा नाही. सुपारी, केळी, मिरवेलींचे कुळागर रात्री कोण राखणार? रानडुकरे एका रात्रीत केळीचे बुंधे उपटून टाकतात.

गुरांची_डॉक्टर_फोंडा

दोघांनाही सांगते. रानडुकराच्या जखमा जास्त येतात हे खरे, पण त्या उघड्या असतात. मालक घाबरतो आणि लगेच गाडीत घालून आणतो. भेकराच्या सुळ्याची जखम फसवी असते. वरून कातडीला छोटे भोक किंवा चिरा, केसांत झाकलेला. आत सुळा खोल गेलेला असतो. कातडी सैल असल्यामुळे कुत्रा हलला की वरचे भोक सरकते, आतली वाट बंद होते आणि घाण आतच राहते. दोन-तीन दिवसांनी सूज, पू, ताप. छातीला भोक पडले असेल तर हवा आत शिरून फुप्फुस दबते. असा कुत्रा मान ताणून, तोंड उघडे ठेवून धापा टाकतो, हिरड्या निळसर दिसतात. तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.

म्हणून कुत्रा रानातून झटापट करून आला की केस बाजूला सारून गळा, काखा, छाती, पोट, मांडीचा आतला भाग बोटांनी चाचपा. जखम मीठ घातलेल्या, उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. छातीतून हवेचा आवाज येत असेल तर त्यावर स्वच्छ प्लास्टिक ठेवून हलक्या हाताने कापड बांधा आणि तडक निघा. हळद, चुना, रॉकेल काही भरू नका. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नका, कुत्र्याला त्यानेच विषबाधा होते. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसते आणि बघता बघता किडे पडतात, तेव्हा जखम रोज बघा.

रेबीजचेही सांगते. २०२१ मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले; त्याचा अर्थ रेबीज संपला असा नाही, म्हणून लस चुकवायची नाही. रानातल्या कुठल्याही सस्तन प्राण्याने चावा घेतला असेल तर लस घेतलेल्या कुत्र्यालाही पुन्हा डोस लागतो. तालुक्याच्या डॉक्टरांना 'रानात जखम झाली' एवढे स्पष्ट सांगा. शिकारीचा संशय येईल म्हणून लोक लपवतात आणि उपचार चुकतो.

रानवाट

डॉक्टर बाय, माहितीबद्दल आभार, पण मला ही चर्चाच उलटी वाटते. धोका कोणाला आहे? भेकराने कधी कुत्र्याच्या अंगणात येऊन हल्ला केला आहे का? म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये आहेत, आणि त्यांच्या कडेच्या गावांतली कुत्री टोळीने आत घुसतात. एक पुढून, दोन मागून, असे दमवून दमवून भेकराला पाडतात. मादीला तर सुळेही नसतात नावाला, आणि पाडस असले तर ती लांब पळूही शकत नाही. पिसोरीचे, म्हणजे उंदीरहरणाचे, तर विचारूच नका. अडीच-तीन किलोंचा जीव, रात्री बाहेर पडणारा, सुळे असले तरी कुत्र्यापुढे त्याचा काय निभाव लागणार?

आणि 'घे' म्हणणाऱ्यांनी १९७२चा वन्यजीव कायदा एकदा वाचावा. शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही. वन्यप्राण्याला पिटाळणे, पाठलाग करून हाकणे, तसा प्रयत्न करणे हेसुद्धा त्यात शिकारच धरले आहे. कुत्र्याच्या आडून केले म्हणून ते राखण होत नाही.

भाटकार_सत्तरी

रानवाट, मीही तेच सांगतोय, फक्त कुत्र्याच्या बाजूने. भेकराला जगू द्या म्हटले की गावात अर्धे लोक उठून जातात. तुझा कुत्रा मरेल म्हटले की थांबून ऐकतात.

कुळागरकर, साखळीला बांधा असे मी कुठे म्हटले? रात्री घराजवळ, पक्क्या खोपटात किंवा जाळीच्या आत. दिवसा माणसाबरोबर. हाक मारली की परत येणारा कुत्रा तयार करायचा, एवढेच. तुम्ही भेकराने मारलेला कुत्रा पाहिला नाही म्हणता, पण रानात गेला आणि परत आलाच नाही, असे कुत्रे तुमच्याकडे झाले नसतील? त्यांचे खापर नेहमी बिबट्यावर फुटते.

म्हशीवाला_धनगर

आमची कुत्री म्हशींबरोबर रानात असतात, तुमच्यासारखी कुंपणात नाहीत. म्हशी सोडून भेकराच्या मागे जाणारा कुत्रा आम्ही ठेवतच नाही. पिल्लू लहान असतानाच त्याला म्हशींत वाढवायचे, सशामागे पळाले तरी तिथल्या तिथे दटावायचे. पहिल्या वर्षी सूट दिली की मग ते जन्मभर ऐकत नाही.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. भेकर भुंकते आणि तो आवाज कुत्र्यासारखाच असतो. दुसरा कुत्रा समजून किंवा चेव येऊन आपला कुत्रा त्या दिशेने सुटतो. पण भेकर एकाच जागी उभे राहून सारखे भुंकत असेल, तर बहुधा त्याने वाघ किंवा बिबट्या पाहिलेला असतो. म्हणजे कुत्रा भेकराकडे नाही, थेट बिबट्याकडे धावतो. आम्ही तो आवाज ऐकला की म्हशी एकत्र करतो आणि कुत्र्यांना जवळ घेतो.

कुळागरकर

हे मात्र पटले, आवाजाचे. तरी माझा मुद्दा मी सोडणार नाही. धनगर बाबांकडे दिवसभर जनावरांबरोबर माणूस असतो. माझ्या कुळागरात रात्री कोण असतो? कामाला माणसे मिळत नाहीत, मुले पणजीला नोकरीला. कुत्रा रात्री जाळीत ठेवला तर सकाळी केळी आडव्या पडलेल्या दिसतात आणि नुकसानभरपाईचे कागद महिनोन्‌महिने फिरत राहतात. त्यापेक्षा मी कुत्र्याच्या गळ्यात घाट, म्हणजे घंटा, बांधीन. आवाज आला की भेकर आधीच लांब जाईल, दोघांची गाठच पडणार नाही.

रानवाट

घाटेच्या आवाजाने भेकर जाईल, पण बिबट्याला तुमचा कुत्रा नेमका कुठे आहे ते कळेल. तुम्हीच वर लिहिलेत की तुमच्याकडे खरा धोका बिबट्याचा.

गुरांची_डॉक्टर_फोंडा

घाट दिवसा बांधा, संध्याकाळी काढा. गळ्यात चार बोटे रुंद, जाड चामड्याचा पट्टा असू द्या. गळ्यावरचा सुळा पुष्कळदा त्यावर निभावतो. छातीला त्याचा उपयोग नाही.

कुळागरकर

पट्टा उद्याच करून घेतो. रात्री मात्र कुत्रा मोकळाच राहील, भाटकार बाब. केळीचा घड उतरेपर्यंत तरी मला दुसरा मार्ग नाही.

भाटकार_सत्तरी

मग निदान एकटा सोडू नका आणि तीन-चारही एकत्र सोडू नका. एकटा मार खातो, टोळी भेकराच्या मागे ओहोळापर्यंत जाते. दोन ठेवा, त्यातला एक म्हातारा, घर न सोडणारा. आणि घड उतरला की जाळी घाला. जाळीचा खर्च जास्त वाटत असेल तर मला कळवा, आमच्याकडे जुनी पडून आहे.