आईची मान ३ आठवडे दुखतेय, डॉक्टरकडं न्यावं का अजून थांबावं?

घरकुलवाला: आम्ही सोलापुरात विडी घरकुलला, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. आई कित्येक वर्षं विड्या वळतेय, मांडीवर सूप आणि मान खाली, दिवसभर तेच. मान आधीपण धरायची पण बाम आणि गरम शेक दिला की सुटायची. यावेळी ३ आठवडे झाले आणि आता उजव्या हातात मुंग्या येतात म्हणते. शेजारच्या काकू म्हणतात एकजण मान झटक्यात मोडून नस मोकळी करतो, न्यावं का? दवाखान्यात गेलं की दिवसाचा रोज बुडतो म्हणून ती तयारच होत नाय.

सातरस्ता: मान मोडायला अजिबात नेऊ नका, हात जोडून सांगतो. मुंग्या येतायत म्हणजे मणक्यातून हातात जाणारी नस दबलेली असू शकते आणि त्यात कुणी झटका दिला तर काय होईल सांगता येत नाही. नुसती अवघडलेली मान बहुतेक वेळा काही दिवसांत सैल पडते, हे तसलं वाटत नाही.

फिजिओताई: एक विचारते, विडीला दोरा बांधताना त्यांची बोटं चुकतात का? चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे ना? आणि संध्याकाळी कणकण, वजन उतरणं असलं काही? मणक्याचा टीबी आपल्याकडं होतो म्हणून विचारतेय.

घरकुलवाला: ताप नाय, लघवीचं ठीक आहे. पण दोरा सुटतोय खरं, ४-५ दिवस झाले, ती म्हणते डोळे कमी झालेत. काल चपला घालताना भिंतीला धरलं.

फिजिओताई: मग ते डोळ्यांचं समजून सोडू नका. बोटांचं बारीक काम बिघडणं आणि तोल जाणं म्हणजे मानेत मज्जारज्जूवरच दाब येत असेल, आणि त्यात उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. उद्याच सिव्हिलला हाडांच्या ओपीडीत न्या, दोऱ्याचं आणि भिंतीचं दोन्ही सांगा, नुसतं "मान दुखते" सांगितलं तर गोळ्या देऊन घरी पाठवतील. पाय एकदम लुळे वाटले किंवा लघवी अडली तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

सातरस्ता: मानेसोबत छातीत जड वाटलं, घाम फुटला, दम लागला तरी १०८च, ते हृदयाचंही असू शकतं. आणि जोराचा ताप येऊन मान पुढं वाकेनाच झाली तर तेही लगेच.

घरकुलवाला: आईला वाचून दाखवलं. गप बसली, मग म्हणाली सकाळी लवकर निघू, सूप आतापासूनच बाजूला ठेवलंय.