मदत हवी आहे : फाइलचं एन्कोडिंग ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. जुन्या टेक्स्ट फाइल्स डेटाबेसमध्ये घ्यायच्या आहेत, पण कुठली फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइट्सच्या रूपात साठवायच्या पद्धतीत) आहे याची नोंदच नाही. पायथन वापरतोय.

आधी बीओएम (फाइलच्या सुरुवातीला असलेली एन्कोडिंगची खूण) बघतो, मग फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगची धरून काटेकोर डिकोड करतो, म्हणजे एकही अवैध बाइट आला तर नापास. तिथे पास झाली की निर्धास्त, कारण दुसऱ्या एन्कोडिंगचा मोठा मजकूर चुकून वैध यूटीएफ-८ निघणं फारच दुर्मिळ. खरी पंचाईत नापास फाइल्सची. आयएसओ-८८५९-१ या एन्कोडिंगला २५६ पैकी कुठलाही बाइट चालतो, एररच येत नाही, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही. एका इंग्रजी फाइलमध्ये शब्दांच्या दोन्ही बाजूंना १४७ आणि १४८ हे बाइट दिसले. विंडोज-१२५२ मध्ये ती दुहेरी अवतरणचिन्हं, त्यामुळे ती फाइल सुटली. पण रशियन मजकूर विंडोज-१२५१ मधला की केओआय८-आर मधला, हे कसं ठरवायचं? चारडेट (एन्कोडिंगचा अंदाज बांधणारी पायथन लायब्ररी) लांब मजकुरावर बरं चालतं, दोन-तीन शब्दांच्या नोंदींवर मात्र भलतंच उत्तर देतं.

अशा नोंदी एकत्र जोडून तपासाव्यात का? आणि एकाच फाइलमध्ये दोन एन्कोडिंग मिसळली असतील तर? तूर्त मूळ बाइट्स वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवतोय. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा, फार अडलंय.