मल्चिंग पेपरचे तुकडे मातीत किती राहतात आणि ते कसे काढावेत?

शिवारकर, जुन्नर

आमच्याकडे तीन एकर टोमॅटो असतो आणि गेली नऊ वर्षे आम्ही दर हंगामात चंदेरी-काळा मल्चिंग पेपर (बेडवर, म्हणजे उंच वाफ्यावर, अंथरायचा पातळ प्लास्टिकचा पडदा) अंथरतो. तण आटोक्यात राहते, पाणी कमी लागते, फळ मातीला टेकत नाही; त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. परंतु यंदा बेड मोडून रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) फिरवल्यानंतर पहिल्या पावसाने ढेकळे विरघळली, तेव्हा नखाएवढे आणि त्याहून बारीक चंदेरी तुकडे रानभर चमकताना दिसले. पेपर आम्ही दरवर्षी उपटून काढतो, तरी बेडच्या कडेला मातीखाली दाबलेली पट्टी तुटून आतच राहते, हे मान्य केले पाहिजे. असे प्लास्टिक मातीत किती साठले असेल, ते पिकात जाते का आणि आता काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मृदाविद्यार्थी

प्रथम हिशेब मांडतो. 25 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या पेपरचे वजन एका चौरस मीटरला सुमारे 23 ग्रॅम भरते. चार फूट रुंद आणि 400 मीटर लांब असे एक बंडल म्हणजे साधारण 11 किलो. एकरी सहा बंडले धरली, तर एका हंगामात 66 किलो प्लास्टिक आपण जमिनीवर पसरतो. त्यातले दहा टक्के जरी मागे राहिले, तरी नऊ हंगामांत एकरी जवळपास 60 किलो होते. दहा टक्के हे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या रानात किती राहते, हे अंथरताना व काढताना वजन करूनच कळेल, आणि काढलेल्या पेपरला चिकटलेली माती धुऊन मगच वजन करावे.

हा पेपर ज्या प्लास्टिकचा असतो, ते पॉलिथिलीन मातीत कुजत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, रोटाव्हेटरची पाती त्याचे तुकडे करतात आणि 5 मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्यालाच मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पिकाबाबत बोलायचे, तर आपल्याला दिसणारा तुकडा मुळात शिरू शकत नाही. मात्र 2020 मध्ये चीनमधील संशोधकांनी गहू आणि लेट्यूस यांवर प्रयोग करून दाखवले, की उपमुळे फुटताना पडणाऱ्या फटींतून सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचे कण आत जाऊ शकतात. तो प्रयोग मुद्दाम कण मिसळून केलेला होता, त्यामुळे आपल्या टोमॅटोत ते आहेतच असा अर्थ त्यातून काढू नये. मला अधिक काळजी मातीची वाटते, कारण पेपरचे मोठे तुकडे पाण्याची आणि मुळांची वाट अडवतात, तर बारीक कण गांडुळे आपल्या बिळांतून खालच्या थरात नेतात.

घरी ढोबळ तपासणी करता येते. वाळलेली, चाळलेली माती मिठाच्या संपृक्त पाण्यात (आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट) ढवळून रात्रभर ठेवावी. पॉलिथिलीन आणि प्लास्टिक सुतळीचे धागे वर तरंगतात. काडीकचराही तरंगतो, म्हणून शंका आल्यास त्या कणाला तापवलेली सुई लावावी. प्लास्टिक वितळते, काडी करपते.

ऊस-भाजीपाला, फलटण

आमचा अनुभव असा, की पेपर कधी काढतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. शेवटच्या तोड्यानंतर महिना-दीड महिना रान तसेच पडले, की पेपर हातात घेताच फाटतो. आम्ही तार-बांबू उतरवल्याबरोबर झाडे बुडाशी कापतो, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) गोळा करतो, हलके पाणी देतो आणि वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिकट नसताना) आधी दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करून मगच पेपर ओढतो. मजुरी वाढते, पण लांबच्या लांब पट्टी निघते. रोटाव्हेटर त्यानंतरच. पातळ पेपर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका; चीनमध्ये कापसाच्या रानांत अशाच पातळ पेपरचे थर साठल्यामुळे 2017 च्या मानकात किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन करावी लागली. बांधावर पेपर जाळू नये, हेही सांगतो. उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) आम्ही पाचटच, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पसरतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

कंपोस्टप्रेमी, नाशिक

दोन गोष्टी जोडतो. ‘आपोआप विरघळणारा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक पेपर कुजतोच असे नाही. ऑक्सो प्रकारचा पेपर केवळ लवकर तुकडे होणारे साधे प्लास्टिक असते आणि युरोपीय संघाने 2021 मध्ये त्यापासून बनवलेल्या वस्तूंवर बंदी घातली. दुसरे, शहरी कचऱ्यापासून बनवलेले खत आणत असाल, तर पसरण्यापूर्वी त्यातले मूठभर खत पाण्यात टाकून पाहा. मी एकदा न तपासता दोन ट्रॉल्या टाकल्या आणि पिशव्यांच्या चिंध्या अजून वेचतो आहे.

शिवारकर, जुन्नर

सर्वांचे मनापासून आभार. मिठाच्या पाण्याची तपासणी काल केली. टोमॅटोच्या रानातील एक किलो मातीत अकरा चंदेरी तुकडे आणि सुतळीचे चार धागे निघाले. विहिरीजवळच्या ज्वारीच्या पट्टीत, जिथे पेपर कधीच अंथरला नाही, एकही तुकडा नव्हता. येत्या हंगामात एका एकरावर 30 मायक्रॉनचा पेपर घेऊन फलटणच्या पद्धतीने काढणार आहे आणि दोन्ही वेळची वजने इथेच लिहीन.