कोल्ड ब्रू (थंड पाण्यात बराच वेळ भिजवून केलेली कॉफी) गाळताना कागदी फिल्टर तुंबतो, मलमलीतून साका उतरतो. मदत हवी आहे

प्रमाण १०० ग्रॅम कॉफीला ८०० मिली पाणी. मध्यम भाजलेल्या बिया, चिकोरी नाही. पूड भरड, खडेमिठाएवढी. काचेच्या बरणीत एकदाच ढवळून १६ तास फ्रिजमध्ये. पिताना तेवढंच पाणी घालून पातळ करतो.

ताजी असताना चव उत्तम. तिसऱ्या दिवशी मात्र तुरट होते आणि पेल्याच्या तळाशी चिखलासारखा थर बसतो. बारीक कण आत राहून अर्क सोडत राहतात, एवढं कळतंय.

करून पाहिलेलं: स्टीलची गाळणी, मग दुहेरी मलमल. तरी गढूळच. मलमल पिळत नाही, पिळली की आणखी पीठ उतरतं. कागदी फिल्टरमधून पहिले १५० मिली झरझर येतात, नंतर थेंब थेंब. एका बरणीला चार कागद लागले. वेळ १२ तासांवर आणली, तर कॉफी पाणचट आणि साका तेवढाच. आणखी भरड दळूनही तेच.

संशय ग्राइंडरवर आहे. पात्याचा आहे, त्यामुळे खडे आणि पीठ दोन्ही एकदमच निघतात. बर ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये एकसारखं दळणारा) सध्या घ्यायचा नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

दळलेली पूड बारीक चाळणीने चाळली तर पिठाबरोबर चवही जाते का? की मलमलीतून गाळलेली कॉफी रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता निवळू द्यावी आणि फक्त वरची निवळ कागदातून गाळावी? असं करत असाल, तर तळाचं साधारण किती सोडून देता?