प्रतिसाद: एकत्र बसवायलाच हवं

प्रौढ साक्षरतेचे स्वयंसेवक आणि शाळेचे शिक्षक यांचं प्रशिक्षण वेगवेगळंच हवं, असं एक मत वाचलं. मला ते पटत नाही. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) १५ वर्षांवरच्या निरक्षरांचे वर्ग शाळेच्याच आधाराने चालतात, मग शिकवणारे एकमेकांना अनोळखी का राहावेत?

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक स्वयंसेविका आल्या होत्या. त्यांच्या वर्गातल्या आजी भाजीचा हिशेब तोंडी चटकन करतात, पण हातचा कागदावर मांडायचा म्हटलं की अडतात. माझ्या तिसरीच्या मुलांचं नेमकं उलटं! उभी वजाबाकी बिनचूक, पण पन्नासच्या नोटेतून सदतीस गेले तर परत किती, यावर गप्प. मी तेव्हापासून आधी सुट्या पैशांचा व्यवहार घेते, मांडणी नंतर. त्यांनी माझ्याकडून सुट्या काड्या आणि दशकाचे गठ्ठे नेले.

वाचनाचं वेगळं आहे, हे मान्य. मोठ्या माणसाला स्वतःचं नाव, गावाचं नाव, एसटीची पाटी आधी हवी असते. बाराखडीसाठी तो थांबत नाही. तेवढं सत्र वेगळं ठेवा.

आणि वेळ संध्याकाळची ठेवा. स्वयंसेवकांना मानधन नसतं, त्यांनी दिवसाची मजुरी बुडवून का यावं?